दुसऱ्या टाकीतला वास

अरविंद, हल्ली मी उठले की आधी स्वयंपाकघरात जाते आणि हिंगाची डबी उघडून हुंगते. वास आला की जीव खाली बसतो. मग चहा. तू गेल्यापासून हे रोज चाललंय. आपल्या सईला वाटतं, आई सकाळी सकाळी ओट्याशी दिसते म्हणजे सावरतेय. तिला कसं सांगू, की तुझं गेलं तसं माझंही नाक एखाद्या सकाळी जाईल अशी मला धास्ती बसलीय.

भेटायला येणारे सगळे तुझ्या नाकाबद्दल बोलतात. तुझ्या अंधेरीच्या कंपनीतले जुने लोक आले होते, तुम्ही बिस्किटांसाठी इसेन्स बनवायचात तेव्हाचे. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, साहेबांना बाटलीचं बूच नुसतं दाखवलं तरी आत काय आहे ते कळायचं." मी मान हलवली. सईनेही हलवली, कारण तिलाही खरं माहीत नाही. तुझ्या शेवटच्या काही वर्षांत तुला पेटलेल्या उदबत्तीचाही वास येत नव्हता, हे या जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक तू होतास.

मला ते कळलं तो दिवस मी अजून विसरू शकत नाही. करोनातून तू उठून काही महिने झाले होते. मी मुलुंडच्या बाजारातून भाजी घेऊन आले, दार उघडलं आणि गॅसचा असा भपकारा आला की डोळ्यांना झोंबला. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. बाहेर खोदकामाची धूळ उडते म्हणून खिडक्या बंद. आणि तू हॉलमध्ये आरामात पेपर वाचत बसला होतास. माझ्याकडे बघून म्हणालास, "आलीस? किती घामेजलीयस, थांब, पंखा लावतो," आणि हात बटणाकडे नेलास.

मी पिशवी टाकली आणि तुझा हात धरला. तू विचारत होतास, काय झालं, काय झालं, आणि मी नुसती तुला दाराबाहेर ओढत होते. मग आत जाऊन मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. घर मोकळं होईपर्यंत आपण जिन्यात बसलो. टोमॅटो दारापासून हॉलपर्यंत पसरले होते. तेव्हा तू खाली बघत बोललास.

"मला काहीच येत नाही, नीलू. तापानंतर परत आलंच नाही. वाटलं, आज येईल, उद्या येईल."

"काहीच म्हणजे?"

"काही म्हणजे काही नाही. आंघोळीचा साबण नाही, सुकट नाही, तू नाही."

पण खरी भीती मला त्यानंतर वाटली, तू पुढचं वाक्य बोललास तेव्हा. "माथ्याची द्राक्षं पिकायला आलीत. मी काय करू?"

माथा म्हणजे दिंडोरीकडच्या त्या मळ्यातला वरचा तुकडा. इसेन्सची नोकरी सोडून तू त्या मळ्याच्या मालकांकडे, भाऊसाहेबांकडे, वाईन बनवायला गेलास, तेव्हा त्या तुकड्याला कुणी विचारत नव्हतं. नुसता मुरूम आणि दगड. भाऊसाहेब खाली खायची द्राक्षं लावायचे. वरच्या तुकड्यात तू शेनिन लावायला लावलीस, पांढऱ्या वाईनची ती फ्रेंच जात. वेलींना पाणी मोजून, घड कमी ठेवून. भाऊसाहेब कुरकुरायचे, की एवढ्याशा घडांत काय होणार. तिसऱ्या हंगामाची वाईन त्यांना चाखायला दिलीस तेव्हा ते पुन्हा ग्लास पुढे करून उभे राहिले, हे तू मला किती वेळा सांगितलंस. त्या वाईनचं नावच पुढे 'माथा' पडलं. फिकट पिवळी, जवळजवळ पाण्यासारखी. मोठ्या हॉटेलांतले लोक ती बाटली मागवायला लागले, आणि ती ओळखायचं नाकच तुझ्याकडे उरलं नाही.

पुढच्या रविवारी तू पिशवीतून मळ्यावरून आणलेल्या वाईनच्या छोट्या बाटल्या काढून डायनिंग टेबलवर मांडल्यास. मला म्हणालास, "तू हुंग आणि सांग." मी हसले. माझे वडील वेंगुर्ल्याहून येऊन गिरणीत लागलेले, भांडुपच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. तू या धंद्यात पडेपर्यंत वाईन मी हिंदी सिनेमातच पाहिलेली. "मला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं.

"तुला बोंबील सकाळचे की कालचे ते टोपलीपासून हातभर अंतरावरून कळतं. तेवढं मला पुरे आहे."

मग ते रविवार सुरू झाले. सकाळी उदबत्ती नाही, फोडणी नाही, चहात आलं नाही. मी ग्लासात नाक घालायचे आणि जे आठवेल ते म्हणायचे. हिरवा पेरू. गवती चहा. लिंबाच्या झाडाचं फूल. पाऊस सुरू झाला की आईच्या माळ्यावरची भिजलेली गोणपाटं. तू डोळे मिटून ऐकायचास, मध्येच विचारायचास, "पेरू कसला, कडक की पिकायला आलेला?" चव तुझ्या जिभेवर शाबूत होती, आंबट, गोड, तुरट सगळं कळायचं. वास मी सांगायचे. त्या दोन्हींतून तू डोक्यात ती वाईन उभी करायचास. मी घोट घेऊन तांब्यात थुंकायचे. खाली वॉचमन रिकाम्या बाटल्या बघायचा आणि शेजारच्या काकू मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "जपा हो यांना, सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच का?" आपण दोघं त्यावर किती हसलो होतो.

हसायचो, पण मी त्या टेबलवर कायम घाबरलेली असायचे, हे तुला कळलं होतं का रे? मी पेरू म्हणायचे आणि तू त्यावरून टाक्याच्या टाक्यांचं काय करायचं ते ठरवायचास. रात्री पडल्यावर मला वाटायचं, तो पेरू होता की सीताफळ? तुला सांगायची हिंमत व्हायची नाही, कारण तुझ्या तोंडावरही तीच भीती असायची. एकाने घाबरायचं असेल तर दुसऱ्याने घाबरायचं नाही, असं काहीतरी आपलं न बोलता ठरलं होतं.

वांद्र्याच्या त्या हॉटेलातली संध्याकाळ आठवते? 'माथा'च्या नव्या बाटल्या चाखायला लोक बोलावले होते. तू सूट घातला होतास. घरी मी सांगितलेले वास तू पाठ केले होतेस आणि ते असे बोलत होतास, की मलाच खरं वाटावं तुला ते येतायत. मग तू नवी बाटली उघडलीस आणि पहिल्याच टेबलावरच्या पाहुण्यांना ओतायला लागलास. मी बाजूलाच होते. मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. गोडाऊनमध्ये पाणी शिरून भिजलेली खोकी असतात ना, तसा. बूच खराब निघालं होतं. आणि तू हसत म्हणत होतास, "बघा, आधी लिंबाचं फूल येईल."

तुझ्या बुटावर मी माझी सँडल दाबली. तू थांबलास. माझ्याकडे बघितलं नाहीस, पण थांबलास. मग आपला ग्लास नाकाशी नेलास आणि, अगदी सावकाश, पाहुण्यांचे ग्लासही परत मागितलेस. "सॉरी, ही बाटली बिघडलीय. दुसरी उघडतो." एक पाहुणा आपला ग्लास हुंगून म्हणाला, "बरोबर. काय नाक आहे तुमचं." भाऊसाहेब तिथे होते. त्यांनी अभिमानाने सगळ्यांकडे बघितलं.

टॅक्सीत तू म्हणालास, "आज वाट लागली असती, यार." आणि खिडकीकडे तोंड करून रडलास. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. चालकाने रेडिओ मोठा केला, तेवढी माणुसकी त्याला होती.

त्या रात्रीपासून आपलं भांडण सुरू झालं, जे संपलं नाही. मी म्हणायचे, भाऊसाहेबांना सांगून टाक. तू म्हणायचास, सांगितलं की मी संपलो. मी म्हणायचे, ते तसे नाहीत. तू म्हणायचास, ते तसे नाहीत, पण त्यांच्याकडून वाईन विकत घेणारे तसे आहेत. मी म्हणायचे, मला सर्दी झाली आणि त्याच आठवड्यात काही बिघडलं तर? त्यावर तू चिडायचास. या हंगामाला तू मळ्यावर गेलास तेव्हाही फोनवर आपण तेच बोललो. "हा हंगाम होऊ दे, नक्की सांगतो," तू म्हणालास. मी म्हटलं, "गेल्या वर्षी पण हेच म्हणालास." तू म्हणालास, "जेवलीस का?" आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी माथ्याची तोडणी होती. उन्हं वर यायच्या आत तोडायला बाया लागल्या होत्या. तू ओळीत खाली बसून एक मणी तोंडात घातलास, असं त्या सांगतात. त्यांना वाटलं, सर चव घेतायत. तू नेहमीच वेळ लावायचास. त्या तोडत पुढे गेल्या. परत आल्या तेव्हाही तू तसाच वेलीच्या खोडाला टेकून होतास.

मी आणि सई पोचलो तेव्हा शेडमध्ये द्राक्षांचा रस काढायची प्रेस चालू होती. भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "वहिनी, माफ करा. तोडलेला माल थांबत नाही. सरांनी मला थांबू दिलं नसतं." मला राग आला नाही. तुला घेऊन आम्ही मुलुंडला निघालो तेव्हा त्या शेडच्या बाहेरपर्यंत पेरूचा वास येत होता. गाडीत माझ्या मनात आलं, आता हे कुणाला सांगायचं? आणि मी खिडकीबाहेर तोंड काढलं, तेव्हा सईने विचारलं, आई, उलटी होतेय का?

तेराव्यानंतर भाऊसाहेबांचा फोन आला. माथ्याचा रस दोन टाक्यांत भरला होता, दोन्ही आंबायच्या शेवटाला आल्या होत्या. सर दरवर्षी दोन्ही एकत्र करतात, तशा या आठवड्यात करतोय, म्हणाले. "सरांची वाईन आहे, वहिनी. तुम्ही एकदा हात लावून जा."

मी गेले. सईने गाडी चालवली. कसारा घाट चढताना मी खिडकीची काच खाली करून सारखी हुंगत होते, डिझेल, गवत, कुणाच्या तरी ट्रकमधले कांदे. येत होतं सगळं.

शेडमध्ये गणेश होता, तुझा टाक्या सांभाळणारा. त्याने पहिल्या टाकीतला ग्लास दिला. पेरू, गवती चहा, अगदी तू असायचास तेव्हासारखं. मला रडू आलं. मग दुसरा ग्लास. मी नाक घातलं. पेरू होता, पण त्याच्या खालून पादेलोण. पाणीपुरीच्या पाण्यातलं ते काळं मीठ असतं ना, तो वास. बारीक, पण होता. हा वास मी एका रविवारी सांगितला होता तेव्हा तू ताडकन उठलास ते मला आठवलं. "यीस्टला खायला कमी पडलं की असं होतं," म्हणालास. "ताबडतोब वारा द्यायचा. उशीर केला तर तो वास वाईनमध्ये बसतो, मग जात नाही."

"भाऊसाहेब, दोन्ही एकत्र करू नका," मी म्हटलं.

"का?"

"दुसरीला वास येतोय."

त्यांनी हुंगलं. गणेशने हुंगलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भाऊसाहेब मायेने म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुःखात आहात. मला तर काही येत नाही." सई माझा दंड धरून म्हणाली, "आई, चल, बाहेर बसू."

तेव्हा मला वाटलं, खरंच मला भास होतोय. एवढे दिवस मी डब्या हुंगत फिरतेय, डोकं फिरलं असेल. गप्प बसावं, तुझं गुपित तुझ्याबरोबर राहू द्यावं. पण पुन्हा ग्लास वर केला, तर होतं ते पादेलोण. मग मी बोलले. उभ्या उभ्या, टाकीला हात टेकून. तुझा ताप, गॅस, रविवार, वांद्र्याचं बूच, सगळं. बोलताना मी तुझ्याकडे पाठ करून उभी आहे असं वाटत होतं.

सई खाली बसली. भाऊसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"एवढी वर्षं?" ते म्हणाले. "माझ्या घरी जेवायला बसायचे ते. मला सांगायचं ना. मी काय काढून टाकलं असतं त्यांना?"

"त्याला भीती वाटायची."

"माझी?"

ते दुखावले होते, अरविंद. अजून आहेत. तुझ्या वतीने माफी मागायचं माझ्या मनात आलं, पण ती तुझी होती, मी कशी मागू.

मग ते कोरड्या आवाजात म्हणाले, "वास आहे, हे मी कशावरून मानू? प्रयोगशाळेत पाठवलं तर निकाल यायला वेळ लागेल."

तू एकदा टेबलावर ग्लासात तांब्याची तार फिरवली होतीस, ते मला आठवलं. हा वास तांब्याला चिकटतो, म्हणाला होतास, आणि झाकलेलं फळ वर येतं. मी म्हटलं, "घरात तांब्याचं काही आहे का?"

गणेश तार शोधायला निघाला, पण भाऊसाहेब स्वतःच घरात गेले आणि देवघरातली पळी घेऊन आले. दुसऱ्या टाकीतून भरलेल्या दोन ग्लासांपैकी एकावर ती धरून क्षणभर थांबले. "धुऊन ठेवीन," स्वतःशीच म्हणाले आणि ढवळायला लागले. चुकले असेन तर? तर मी एका दुपारी तुझं नाव घालवलं आणि हातात काहीच नाही.

त्यांनी न ढवळलेला ग्लास हुंगला. मग ढवळलेला. मग पुन्हा पहिला. या खेपेला त्या ग्लासावरून त्यांनी तोंड बाजूला केलं.

"आहे," ते म्हणाले. "यातून गेला, तेव्हा त्यात आहे ते कळलं."

गणेशने विचारलं, "मॅडम, सर असते तर आजच वारा दिला असता, की उद्यापर्यंत थांबले असते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, थोडं मागे वळावं आणि तुला विचारावं.

"सर काय म्हणाले असते मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी म्हणते, आत्ता."

त्याने पंप लावला. वाईन टाकीतून उघड्या हौदात धारेने पडायला लागली आणि आत दबलेला तो वास एकदम सगळ्या शेडभर पसरला. गणेश खोकत मागे सरला. सईने ओढणी नाकाला लावली. भाऊसाहेब उपरण्याआडून म्हणाले, "आता कुणी सांगायची गरज नाही." इतकी वर्षं मला एकटीला येत असलेलं काहीतरी पहिल्यांदाच सगळ्यांना येत होतं. मी तिथेच उभी राहिले.

आम्ही मुक्काम केला. सकाळी दुसऱ्या टाकीतला ग्लास आला. पादेलोण गेलं होतं, पेरू अजून परतला नव्हता. नुसती आंबट, मोकळी, बावरल्यासारखी वाईन. भाऊसाहेब आणि मी ओट्यावर बसलो होतो, समोर माथ्याच्या ओळी. तोडणी झालेल्या वेलींवर नुसती पानं होती.

"बाटल्या भरेपर्यंत ही कशी होईल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मला भीती वाटतेय."

ते ग्लास हातात फिरवत राहिले. "सर कधी घाबरलेले दिसले नाहीत मला. गारा पडल्या तेव्हाही नाहीत."

"घरी दिसायचा," मी म्हटलं.

ते हलक्या आवाजात म्हणाले, "रविवारी येता का? गाडी पाठवतो." आणि दोन्ही ग्लास उचलून नळाखाली विसळायला गेले. पाठमोरे, खांदे हलत होते. मी उठले, त्यांच्या हातातला एक ग्लास घेतला आणि विसळायला लागले.